दोन झटके आणि एक थांबा

२८ एप्रिल, रविवार

ही डायरी कोलेटने आणून दिली. कोलेट म्हणजे माझी बायको. म्हणाली, "जे जे मला दोनदा सांगतोस, त्यातलं एकदा यात लिहीत जा." मी एखादी गोष्ट दोनदा सांगतो हे मला मान्य नाही. पण डायरी चांगली आहे, पुठ्ठा जाड आहे, म्हणून लिहितोय.

मी नॉर्बर्ट मासार. गोदीत वेल्डर होतो, आता रिटायर. लहानपणापासून या पाण्यावर वॉलाय मासा धरतोय. धरावा, सोलावा, पिठात घोळवून तळावा आणि राय ब्रेडबरोबर खावा. माझ्या बापाने तेच केलं, मीही तेच केलं. आणि आज कळलं की बायकोने परस्पर माझं नाव क्लबाच्या बास माशाच्या जोडी-स्पर्धेत घातलंय! बास! लहान तोंडाचा बास धरायचा, त्याचं वजन करायचं आणि जिवंत सोडून द्यायचा. म्हणजे किराणा भरून घरी आणायचा आणि दारातूनच दुकानात परत न्यायचा.

जोडीदार कोण, तर वेंडल स्टॅम्पर.

हा वेंडल माझ्या मुलीबरोबर, नोएलबरोबर, दोन वर्षं फिरतोय. टेनेसीच्या डोंगरातला आहे. गोदीत पाइप जोडायच्या कामावर आला आणि इथेच राहिला. कामाला चोख, व्यसन नाही, केस नीट. पण बोलत नाही. रविवारी जेवायला येतो. "हो सर", "नाही सर", "बटाटे अजून थोडे चालतील, मॅम", संपलं. मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. त्याच्या मनात काय आहे ते कळावं कसं? नोएलला लांब डुलुथच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळतेय, मे संपायच्या आत तिला कळवायचंय. हा गडी काहीच बोलला नाही, तर पोरगी एकटी तिकडे निघून जाईल. एकुलती एक आहे. मला या काळजीने झोप लागत नाही, हे मी कोलेटला सांगितलं. बहुतेक दोनदा.

३० एप्रिल, मंगळवार

सामान आणायला गेलो. स्पर्धा म्हटली की तयारी हवी. चांगली दणकट काठी घेतली, जाड तंगूस घेतला आणि नकली मासे म्हणाल तर दुकानात होते नव्हते ते सगळे रंग: नारिंगी, जांभळा, एक तर चक्क सांताक्लॉजच्या टोपीसारखा लाल. तिथेच मेहुणा भेटला, लिआंडर. कोलेटचा भाऊ, ही स्पर्धा दरवर्षी जिंकतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत सांगत फिरतो.

"काय रे नॉर्बर्ट, एवढं दोरखंड? जहाज बांधायचंय?"

"तुला बांधणार आहे."

"ह्या पाण्यात? शिंपल्यांनी गाळून गाळून काच केलीय त्याची. तुझा दोरा माशांना किनाऱ्यावरूनच दिसेल. आणि तुझा आवाज त्याच्याही आधी ऐकू येईल!"

दुकानातले सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही, पण शनिवारी हंगाम सुरू होतोय, तेव्हा बघू.

४ मे, शनिवार

हात अजून गार आहेत. कोलेटने ब्रँडी दिली, तेव्हा बोटं वळायला लागली.

वेंडल पहाटे दारात हजर. माझी पेटी त्याने उचलली आणि त्याचा खांदा खाली गेला. त्याची स्वतःची पेटी जेवणाच्या डब्याएवढी. आत काय, तर दोन-तीन चंदेरी सडपातळ नकली मासे, तळावरून ओढायच्या झालर लावलेल्या पोकळ रबरी नळ्या आणि काळ्या पिसांचे एक-दोन गळ. बस्स. काठी हलकी, लवचीक, टोकाशी फुलाच्या देठासारखी. विणलेला बारीक दोरा आणि पुढे पाण्यात दिसणार नाही असा वावभर दोऱ्याचा तुकडा.

मी म्हटलं, "अरे पोरा, हे काय खेळणं आणलंस?"

"हो सर," म्हणाला.

मग त्याने तो चंदेरी मासा कसा चालवायचा ते दाखवलं. या माशाची खुबी अशी की तो बुडत नाही आणि तरंगतही नाही, सोडला त्या पाण्यात जागच्या जागी लटकून राहतो. काठीने दोन झटके द्यायचे, मासा डावी-उजवीकडे उसळतो. मग दोरा सैल सोडायचा आणि थांबायचं.

"किती थांबायचं?"

"कंटाळा येईपर्यंत, सर. मग आणखी थोडं."

आजवर वेंडलच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य. म्हणतो, पाणी इतकं गार असताना बासला पाठलाग करायचं त्राण नसतं. तो हळूहळू मागून येतो, बघत राहतो आणि समोरचा मासा दमून थांबलाय असं वाटलं की मगच तोंड उघडतो. ठोके, म्हणजे माशाने गळाला मारलेली तोंडं, सगळे थांबल्यावरच मिळतात.

मी थांबून पाहिलं. पण थांबलं की करायचं काय? म्हणून मी त्याला एका जुन्या वादळाची गोष्ट सांगितली, बाबांच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं ती. सांगता सांगता हात आपोआप चालतो. त्याने चार मासे धरले आणि सोडले. माझा भोपळा.

मधे एकदा तो म्हणाला, "सर, मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

मला वाटलंच होतं. मी म्हटलं, "काठीबद्दल ना? अरे, जाड काठीचं कसं असतं..." आणि त्याला नीट समजावलं. पोरगा शेवटपर्यंत ऐकत होता. मग "हो सर" म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला.

परतायच्या आधी मला एक लागला. तपकिरी, अंगावर वाघासारखे पट्टे आणि लाल डोळा! दोनदा पाण्याबाहेर उडाला. मी एका बासला ‘वा रे राजा!’ म्हटलं, हे इथेच लिहितो, लिआंडरला कळता कामा नये. मासा होडीत घेतला आणि सवयीने त्याच्या डोक्यात घालायला दांडका उचलला. वेंडलने माझा हात वरच्यावर धरला.

"सर! हा परत जातो."

"परत? कुठे?"

"घरी," म्हणाला, आणि माझ्या हातून मासा घेऊन असा हळुवार पाण्यात ठेवला, की दांडका कुठे लपवावा मला कळेना.

५ मे, रविवार

जेवण झाल्यावर नोएलने मला पडवीत गाठलं.

"मग पपा? काल काही बोलला का तो?"

"कोण, वेंडल? छे! मीच बोललो."

"सगळा वेळ?"

"मग होडीत काय शांतता पाळायची? चर्च आहे का?"

नोएलने कपाळाला हात लावला. स्वयंपाकघरात कोलेटला इतकं हसू आलं की तिला भांडी सोडून खाली बसावं लागलं. मी विचारलं काय झालं, तर दोघी अजूनच हसल्या. वेंडल टेबल पुसत होता, त्याचे कान लाल झाले होते.

या घरात मला कोणी काही सांगत नाही.

९ मे, गुरुवार

जाड काठी परत केली. वेंडलसारखी हलकी घेतली. काय सांगू! तळावरचा खडा न् खडा हातात कळतो. इतकी वर्षं मी हातमोजे घालून जगत होतो असं वाटलं. सगळे भडक रंग भाच्यांना देऊन टाकले.

संध्याकाळी अंगणात सराव केला. केकचं भांडं ठेवून त्यात मासा टाकायचा. दोन झटके, मग थांबायचं. थांबलो असताना शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "नॉर्बर्ट, बरं आहे ना तुला? अगदी गप्प उभा आहेस." मग तिला सगळं समजावून सांगितलं, त्यात अंधार पडला.

११ मे, शनिवार

वारा होता म्हणून आज तळावरून रबरी नळी ओढली. खाली गोबी नावाचे बोटभर मासे दगडादगडांत सरपटत असतात, बास त्यांच्यावरच पोसले जातात. नळी तशीच सरपटवायची. ठोका म्हणजे धक्का नव्हे, ओल्या फडक्यात गळ रुतल्यासारखं जड लागतं. मला तीन मिळाले! तिन्ही घरी पाठवले.

वेंडल आज स्वतःहून बोलला. "सर, नोएलबद्दल..." एवढंच म्हणाला. पण नोएलचं नाव निघालं आणि मला ती जन्मली तो दिवस आठवला. बर्फाने रस्ता बंद, बर्फ हटवणारी नांगराची गाडी पुढे आणि आमची गाडी मागे, कोलेट मागच्या सीटवर मला शिव्या देतेय... ते सांगितलं. मग तिचा पहिला दात, मग शाळेत तिने एका मुलाच्या नाकावर मारलेला ठोसा. तोवर परत यायची वेळ झाली. वेंडल एकदाही मधे बोलला नाही. म्हणाला, त्यांच्याकडे मोठं माणूस बोलत असताना तोंड घालत नाहीत, आजोबा जेवणाच्या काट्याने बोटांवर मारायचे. चांगलं वळण आहे.

ऐकतो फार छान, हे कबूल केलं पाहिजे. पण स्वतःचं काही सांगेल तर शपथ. हा महिना संपला की नोएल डुलुथला चालली आणि हा खुशाल मासे सोडत बसणार. मी बाप असून कसं विचारू, की बाबा रे, तुझा विचार काय? मुलीला गळ्यात बांधतोय असं दिसेल. मला भीती वाटते. ती गेली तर वाटते आणि ती इथे याची वाट बघत बसली तरी वाटते.

१९ मे, रविवार

आठवडाभर ऊन पडलं आणि उथळ खाडीत बास आले. वेंडलने त्याचा काळा चष्मा मला दिला, त्यातून तळ स्वच्छ दिसतो. खड्यांमध्ये परातीएवढी गोल साफ केलेली जागा आणि तिच्यावर एक नर, एका जागी, नुसते पंख हलवत.

"मादी अंडी घालून निघून जाते, सर. हा राखण करतो. काही खात नाही. आत्ता याला गळाला लावून मी नेलं, तर परत येईपर्यंत गोबी घरटं साफ करतील."

"स्पर्धेत चालतं का?"

"चालतं. लिआंडर काका असेच धरतात. मी नाही धरत."

"मग आपण नाही धरायचे," मी म्हटलं.

कितीतरी वेळ बघत राहिलो. एक गोबी कडेला आला तर त्याने असा हाकलला! मी मनात म्हटलं, शाब्बास रे बाबा. मग वेंडलने घसा खाकरला आणि "सर," म्हणाला. त्याला गार वाटतंय हे मी ओळखलं. थर्मासमधली कॉफी दिली आणि घसा खवखवला तर काय घ्यायचं, ते माझ्या आईचं औषध सांगितलं.

२३ मे, गुरुवार

हवा उलटली. उत्तरेचा वारा, बोचरा पाऊस. उथळातले सगळे मासे खोल पाण्यात गेले असणार आणि पुन्हा सुस्तावले असणार. वेंडलचा फोन आला: शनिवारी स्पर्धेला पुन्हा चंदेरी मासा. दोन झटके आणि लांबलचक थांबा.

नोएल आली होती. डुलुथवाल्यांना सोमवारी उत्तर देतेय म्हणाली. चेहरा उतरलेला. आईशी खोलीत काहीतरी कुजबुजली आणि गेली. मग कोलेट माझ्यासमोर येऊन बसली.

"नॉर्बर्ट, शनिवारी होडीत गप्प बस."

"का?"

"का काय का! मासे पळतात म्हणून."

"मासे बोलण्याने पळत नाहीत. हे मी तुला..."

"सांगितलंयस. दोनदा. जिंकायचंय ना तुला? लिआंडरचं तोंड बंद करायचंय ना? मग आधी स्वतःचं कर."

हे लागलं मला. थट्टा वेगळी, पण कोलेटच्या डोळ्यांत पाणी होतं. काय झालं विचारलं, तर "कांदा" म्हणाली. कांदा कुठेच दिसत नव्हता. शब्द दिला मी. तिचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, कारण आत्ता ती स्वयंपाकघरात तिच्या आईच्या पद्धतीचं कॅरमेल करतेय. दाताला असं चिकटतं की पाद्रीसुद्धा प्रवचन विसरेल.

२५ मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी होडीत बसल्या बसल्या पहिलं कॅरमेल तोंडात टाकलं. जबडा बंद. वेंडलने दोनदा विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?" मी हात हलवला. पहिल्यांदाच मी खरोखर थांबलो. दोन झटके, दोरा सैल, आणि मग नुसतं उभं राहायचं. पाण्याचा होडीला लागणारा चुबुक चुबुक आवाज मी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता! दोरा हळूच बाजूला सरकला. मासा! दुपारपर्यंत होडीतल्या पाण्याच्या टाकीत चार झाले, चारही गलेलठ्ठ. वजनाला पाच लागतात. लिआंडर लांबून दुर्बिणीने बघत होता, मी दुर्बिणीला टोपी काढून सलाम केला.

शेवटचा तास. मी नवीन कॅरमेल तोंडात टाकलं, मोठं. खोल कडेला मासा फेकला. दोन झटके. थांबलो.

वेंडलने स्वतःची काठी खाली ठेवली.

"सर," म्हणाला, "मला नोएलला लग्नाचं विचारायचंय. पण आमच्याकडे आधी वडिलांना विचारतात. तुम्हाला विचारल्याशिवाय मी तिला विचारणार नाही. हंगाम सुरू झाल्यापासून प्रयत्न करतोय."

आणि माझा दोरा सरकला.

काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. मासा उडाला, आणि देवाशपथ, तेवढा बास मी पेंढा भरून भिंतीवर लावलेलासुद्धा पाहिला नाही. एकीकडे तो ओढतोय, दुसरीकडे पोरगा पांढराफटक होऊन माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि माझं तोंड उघडत नाही! मी जोरजोरात मान हलवली. हो, हो! त्याला वाटलं मी जाळं मागतोय. त्याने जाळं घातलं, मासा उचलला. मी मान आडवी हलवली: अरे, ते नाही, तुझ्या प्रश्नाचं म्हणतोय! त्याचे खांदे पडले.

"समजलं, सर," म्हणाला. आवाज कसा होता ते लिहवत नाही.

मी तोंडात बोटं घातली आणि कॅरमेल ओढून काढलं. त्याच्याबरोबर दाढेत भरलेली चांदीही निघाली. आणि ओरडलो, "हो! हो रे गाढवा! हो!" सगळ्या पाण्यावर ऐकू गेलं असेल. मासा त्याच्या जाळ्यात, मी त्याच्या गळ्यात, होडी एका बाजूला. तो रडत होता. मी पण. "माशाला टाकीत ठेवू का, सर?" असं तो माझ्या खांद्यातून म्हणाला. ठेवला.

मग मी बसलो आणि बोललो. सकाळपासूनचं साठलेलं होतं. लग्न कुठे करायचं, पाहुण्यांना आमच्याकडचा तो बूया नावाचा रस्सा कोणी शिजवायचा, कढई कोणाकडची, माझ्या लग्नात लिआंडर कारंज्यात कसा पडला, सगळं. वेंडल मधे मधे घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, पोराला नोएलकडे जायची घाई झालीय.

धक्क्यावर पोचलो तेव्हा तराजू उचलून गाडीत ठेवत होते. तीनच्या ठोक्याला काटा बंद, उशिरा येणारा बाद. नियम म्हणजे नियम. लिआंडरने बक्षिसाची पाकिटं सोडून आमच्या टाकीत डोकावून बघितलं आणि बघतच राहिला. आमचे पाच त्याच्या पाचांपेक्षा केवढेतरी जड होते, हे त्यालाही दिसलं आणि मलाही.

"वेळ झाली होती तर सांगितलं का नाहीस?" मी वेंडलला विचारलं.

"तुम्ही बोलत होता, सर."

लिआंडर हसून हसून खोकायला लागला. मी रागवायला तोंड उघडलं, पण मलाच हसू फुटलं. आम्ही पाचही मासे घरी सोडले. नोएल आणि कोलेट गर्दीतून धावत येत होत्या. नोएलने आधी वेंडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही विचारावं लागलं नाही. वेंडल तिथेच ओल्या फळ्यांवर गुडघा टेकून बसला, आणि त्याने प्रश्न पुरा करायच्या आधीच तिने "हो" म्हणून टाकलं. ती माझ्यावर गेलीय, धीर म्हणून नाही.

२६ मे, रविवार

दात दुखतोय. बाकी मजेत.

आता सगळं कळलं. नोएलने मार्चमध्येच वेंडलला सांगून ठेवलं होतं की माझं उत्तर तुला माहीत आहे, फक्त विचार. आणि हा पठ्ठ्या म्हणे, आधी वडील. ती चिडली, म्हणाली, मे संपेपर्यंत पपाला विचारलं नाहीस तर मी डुलुथला एकटी जाते. कोलेटला माहीत, लिआंडरला माहीत, शेजारणीलासुद्धा माहीत! सगळ्या गावात मीच तेवढा अडाणी.

डुलुथला ती जातेच आहे. फक्त एकटी नाही. वेंडलला तिथे खाडीपलीकडच्या गोदीत काम मिळतंय. लग्न सप्टेंबरात आणि त्यानंतर दोघं निघतील. हे ऐकल्यावर मी नकाशा काढून डुलुथचं अंतर दोनदा मोजलं. खोटं कशाला लिहू? पण एप्रिलसारखी झोप उडेल असं वाटत नाही.

जेवणानंतर नोएल अंगणात माझ्याबरोबर होडी धुवायला आली. बादली मधे ठेवून आम्ही दोघं दोन बाजूंनी घासत होतो.

"पपा, तू इतक्या पटकन हो कसं म्हणालास? इतकी वर्षं तुला एकही मुलगा पटला नाही."

त्याला मासे कळतात, हे खरं. कामाला चांगला आहे, हेही खरं. घरटं राखणारा नर तो धरत नाही, हे तर फारच खरं. पण ते काही नव्हतं. ब्रश हातात धरून मी उभा राहिलो, आणि ती वाट बघत राहिली.

"अगं," मी म्हटलं, "हा सबंध महिना तो माझ्याबरोबर होडीत बसला. माझं सगळं ऐकलं. वादळ, बर्फ, तुझे दात, सगळं. आणि दर वेळी पहाटे पुन्हा दारात उभा. तुझी आई सोडली तर असं आजवर कोणी केलं नाही."

नोएलने ओल्या हातांनीच मला मिठी मारली. माझा रविवारचा शर्ट पार भिजला. आतून कोलेटने विचारलं की तुम्ही दोघं हसताय का रडताय, पण आम्हालाही ते नक्की सांगता येईना.